बर्फातली घसरगुंडी आणि बंदीच्या पाट्या: तुमचे अनुभव लिहा

टोरंटोकर: परवा पार्कात 'इथे टोबोगनिंगला (बर्फाच्या उतारावरून स्लेडवर बसून घसरायला) मनाई'ची पाटी दिसली आणि जानेवारी 2024 आठवला, शहराने 45 टेकड्यांवर बंदी घातलेली तेव्हा. लेक लहान असताना शेजारच्या आजींनी आम्हाला शिकवलेलं, पाय पुढे करून बसायचं, पालथं पडून डोकं पुढे घालून जायचं नाही, खाली झाड किंवा रस्ता असेल तर ती बाजू सोडायची, वर येताना कडेकडेने यायचं. एवढ्याशा पोरीला कळलं ते! उतार बघून आईबापाला ठरवू द्या ना. तुमच्याकडे काय?

माईची लेक: अगदी अगदी!! अमेरिकेत ओमाहा शहरात एका टेकडीवर बंदी घालून बघितली, लोक जायचे ते गेलेच, मग शहराने बंदी उठवून धोक्याच्या पाट्या लावल्या, खांबांना पॅड, झाडांभोवती गवताचे गठ्ठे. याला म्हणतात डोकं चालवणं. उलट तिथल्याच आयोवा राज्यात डब्यूक शहराने 2015 ला 50 पैकी दोनच पार्कं मोकळी ठेवली, का तर कोणी पडलं आणि दावा ठोकला तर

ऑटावावाला: टेकडीचं पटतं, पण आमच्या रिडो कॅनॉलवर, म्हणजे हिवाळ्यात गोठतो आणि लोक स्केटिंग करतात त्या कालव्यावर, मी नियमवाल्यांच्या बाजूने. साधारण 30 सेंमी जाड बर्फ झाल्याशिवाय स्केटिंगला उघडत नाहीत, 2022-23 ला तर अख्खा सीझन बंद, लोक हळहळले. पण झाड आपल्याला दिसतं हो, बर्फ आतून किती पक्का ते वरून कसं कळणार, तिथे भोक पाडून मोजणाऱ्याचंच ऐकायचं

सुगरण: स्नोपँट कुठून घेता गं? पोराची दर डिसेंबरला आखूड होते

टोरंटोकर: सुगरण, आत पायाशी रंगीत टाका आहे का बघ, तो उसवला की पँटचा पाय लांब होतो. सगळ्यांना नसतो

नाईटड्यूटी: इमर्जन्सीत नर्स आहे. बंदी मलाही नको, पण हेल्मेट घाला रे बाबांनो, स्कीचं नाहीतर हॉकीचं. आणि बसून घसरायची हवेची ट्यूब सगळ्यांना आवडते पण ती गरगर फिरते, वळवता येत नाही, मग झाड दिसून काय उपयोग

पुण्याची मीनल: मनालीला सोलंगला एकाच उतारावर ट्यूबवाले, स्कीवाले, घोडे, मधेच मॅगीची टपरी. पाटी एक नाही! घोडे जाईपर्यंत यांनी पोरांना धरून ठेवलं. रडली, रडू देत.

सुगरण: टोरंटोकर ताई सापडला टाका!! चांगली दोन बोटं लांब झाली. संक्रांतीला गुळपोळ्या करतेय, लेकीला घेऊन ये