अनुभव धागा : 'माणसं मिळत नाहीत' म्हणजे नक्की काय?

हॉटेलवाला, सलूनवाला, केटरर, एसी दुरुस्तीवाला, कुणाशीही पाच मिनिटं बोला, हे वाक्य येतंच. पुण्यात आमच्या रस्त्यावर 'वेटर, हेल्पर पाहिजेत, राहण्या-जेवणाची सोय' असे कागद काचांवर इतके दिवस चिकटलेत की शाई उडाली तरी कागद जागेवर आहे. त्याच रस्त्यावरच्या अभ्यासिकांमध्ये मात्र पोरं खुर्चीसाठी नंबर लावून असतात. म्हणजे माणसं आहेत. मग मिळत का नाहीत?

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मे महिन्यापासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या आणि शहरं कुणाच्या हातांवर चालतात ते सगळ्यांना दिसलं. बरेच जण परतले, काही परतले नाहीत. पण सगळं खापर करोनावर फोडणं मला पटत नाही. आधीपासूनच काहीतरी सरकत होतं.

धंदा चालवणाऱ्यांनी लिहा, कामाला असणाऱ्यांनी तर नक्कीच लिहा. परदेशातल्यांचंही स्वागत. कुठल्या हॉटेलाचं, कंपनीचं नाव घेऊन उणीदुणी काढू नका, एवढंच.

रवा डोसा (पुणे)

सुरुवात मीच करतो. वडिलांनी काढलेलं शाकाहारी हॉटेल आहे. त्यांच्या काळात उडुपी-कुंदापूरकडची पोरं यायची. एक आला की मागून त्याचा भाऊ, मग मावसभाऊ. दिवसा टेबलं पुसायची, रात्रशाळेत शिकायची, आणि त्यातलीच काही पुढं स्वतःचं हॉटेल काढून बसली. त्या गावांतून आता कुणी येत नाही. तिथली मुलं बंगळूरला कॉम्प्युटरसमोर बसतात, आणि बसावंच. मग आमच्याकडे ओडिशा झालं, झारखंड झालं, आता आसाम आणि नेपाळ.

सगळ्यात अवघड जागा तव्याची. लोकांना वाटतं डोसा म्हणजे पीठ ओतलं की झालं. तवा किती तापलाय ते पाण्याचा शिंतोडा चुरचुरतो त्यावरून कळतं. जास्त तापला तर पीठ गोळा होतं, कमी तापला तर चिकटतं. गर्दीत चार डोसे एकदम पडले की तवा गार होतो, तेव्हा थांबायचं किती हे हाताला कळावं लागतं. तयार व्हायला वर्ष जातं, आणि तयार झाला की समोरचा दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो. आमच्या तवेवाल्याचा पगार आज आमच्या बी. कॉम. झालेल्या अकाउंटंटपेक्षा जास्त आहे. तो नसला की तव्यावर मी असतो आणि गिऱ्हाईक ताटलीकडे बघून माझ्याकडे बघतं.

दुसरं दुखणं उचलीचं. सणाला गावी जाताना उचल द्यावीच लागते. २०२५ ला छठच्या पाठोपाठ बिहारची निवडणूक आली, ६ आणि ११ नोव्हेंबरला मतदान. 'वोट डाल के आते हैं' म्हणून सुट्टी लांबत गेली, आणि एकाचा तर फोनच बंद. भांडी घासायला माणूस टिकेना म्हणून मशीन घेतलं. मेनूतले बारा-पंधरा पदार्थ काढले.

आणि आपली पोरं? मराठवाड्यातून येतात, आठवड्यात जातात. सिक्युरिटीचा गणवेश घालून बारा तास उभी राहतील, पण हातात फडकं नको.

दोनचाकी

काका, फडक्याचं मी सांगतो. परभणीकडचा आहे. बारावीनंतर पुण्यात वेटर होतो, आता डिलिव्हरी करतो.

हॉटेलात 'ब्रेक ड्युटी' असते ती वाचणाऱ्यांना माहीत नसेल. सकाळी अकराला लागायचं, साडेतीनला सुट्टी, परत साडेसहाला हजर, ते टेबलं उलटी होईपर्यंत, म्हणजे रात्रीचे साडेबारा. कागदावर नऊ तास. पण मधले तीन तास काय करायचे? खोली लांब असेल तर जाऊन येण्यात जातात. 'राहण्याची सोय' म्हणजे गोदामावरचा पोटमाळा. उभं राहिलं की डोकं पत्र्याला. गाद्या कमी, माणसं जास्त, आणि उन्हाळ्यात दुपारी तिथं झोपून दाखवा. टिप एका डब्यात जमा व्हायची, डबा काउंटरला, आणि वाटणी कशी व्हायची ते काउंटरलाच माहीत.

पगार वाईट नव्हता, हे खरं सांगतो. पण गावाकडं सोयरिकीचं निघालं की 'हॉटेलात' म्हटल्यावर पाहुणे चहासुद्धा घाईनं संपवतात. आता 'कंपनीत, लॉजिस्टिकला' म्हणतो.

डिलिव्हरीत मालक नाही, हे पहिले सहा महिने फार गोड लागतं. नंतर कळतं की मोबाईलच मालक आहे आणि त्याच्याशी भांडता येत नाही. पूर्वी जेवढ्या ऑर्डरींवर इन्सेंटिव्ह बसायचा, आता त्याच पैशाला जास्त पळावं लागतं. पेट्रोल आपलं, गाडीचा हप्ता आपला, पंक्चर आपलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, त्यात आमच्यासारख्यांसाठी सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे. हातात काय पडतंय ते बघायचं. मला जास्त खटकतं ते वेगळंच. हॉटेलात राहिलो असतो तर किमान तवा शिकलो असतो. इथं पाच वर्षांनी मला काय येत असेल? पुण्यातल्या सोसायट्यांची गेटं तोंडपाठ, बस.

पंगत (कराड)

आमचा केटरिंगचा धंदा. पूर्वी गावात लग्नाला वाढायला भावकी असायची. धोतराचा सोगा खोचून बुंदीची बादली घेतलेला चुलता आणि 'घ्या, घ्या' म्हणत फिरणारी पोरं, सगळं फुकटात. आता घरचे पाहुण्यासारखे खुर्चीत बसतात, म्हणून वाढपी भाड्यानं. आमचे वाढपी म्हणजे कॉलेजची पोरं. काळी पँट त्यांची, जॅकेट आमचं, एका कार्यक्रमाचे पाचशे आणि जेवण. तिथी मोठी असली तर सातशे मागतात आणि मी देतो.

खरी गोम तिथीतच आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. मोठ्या तिथीला एकट्या कराडात इतकी कार्यं असतात की सगळ्या केटररना तीच पोरं हवी असतात. एक पोरगा सकाळी माझ्याकडे साखरपुडा करून संध्याकाळी दुसऱ्याच्या बुफेला उभा. आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात कुणी विचारत नाही. मग टंचाई आहे की नाही? वर्षातले पन्नास-साठ दिवस प्रचंड आहे, उरलेल्या दिवसांत तीच पोरं रिकामी. एवढ्यावर कायमची नोकरी देणं मला परवडत नाही, आणि एवढ्यावर जगणं त्यांना परवडत नाही. पोरांनी आता स्वतःचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. दर तिथं ठरतो, मग मला कळवतात. आमच्यातल्या काहींना हे फार झोंबलंय. मला त्यात गैर वाटत नाही. मंडपवाले, बँडवाले हेच करतात.

मांडवीपल्याड (गोवा)

आमच्याकडे शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं, ऑक्टोबरच्या आसपास उभे राहतात ते मे महिन्यापर्यंत. आत शिरा आणि कान द्या : नेपाळी, झारखंडची हिंदी, कानडी. कोकणी फक्त गल्ल्यावर. गोव्याची पोरं आळशी म्हणतात लोक. अहो, तीच पोरं बोटीवर बारा-बारा तास राबतात. तारवटी होणं, म्हणजे बोटीवर कामाला लागणं, ही इथं जुनी वाट आहे, आठ-नऊ महिन्यांचं कंत्राट करायचं आणि येऊन घर बांधायचं. दुसरी वाट पोर्तुगीज पासपोर्टची, त्यावर इंग्लंडातही काम करता यायचं. इंग्लंडात स्विंडनला गोंयकारांची वस्तीच झाली. ब्रेक्झिटनंतर ती वाट आखडली.

माझा भाचा पणजीत ज्या कामाला नाक मुरडायचा, तेच काम तो क्रूझवर करतो. फरक डॉलरचा आहे, आणि आपल्या गावचं कुणी बघत नाही ह्याचाही आहे.

वाळ्याची ताटी (नागपूर)

आमचं कूलर-एसीचं काम. होळी झाली की फोन सुरू. गच्चीवरचा कूलर खाली काढा, टाकी घासा, जुन्या ताट्या फेका, नवीन गवत भरा, पंप तपासा. पाच-सहा पोट्टे लागतेच. काम शिकायला दोन दिवस पुरतात, पण ४५ डिग्रीत गच्चीवर कोण चढते? आयटीआय झालेल्या पोट्ट्याले विचारलं तर तो म्हणे, सरकारी ऑफिसात ट्रेनिंगला लागलो. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, बारावीवाल्याले सहा हजार, आयटीआयवाल्याले आठ, पदवीवाल्याले दहा. पंख्याखाली बसून आठ भेटत असतील तर गच्चीवर कोण येईल? मी पंधरा देतो तरी नाही. मुदत संपल्यावर तो आला होता विचारायले. तेव्हा पाऊस लागला होता, माझ्याजवळच काम नव्हतं.

रवा डोसाभाऊ, तुमच्या मशीनसारखं आमच्यासाठी काही नाही निघालं अजून. एसीत मात्र पोट्टे येतात. एसी म्हटलं की 'टेक्निशियन', कूलर म्हटलं की 'कूलरवाला'.

बर्फातला

कॅनडात शिकायला आलो तेव्हा दुकानादुकानांवर 'माणसं हवीत'च्या पाट्या. २०२२ च्या नोव्हेंबरपासून सरकारनं विद्यार्थ्यांची आठवड्याला २० तासांची मर्यादा उठवली, कारण कॉफीशॉपपासून गोदामापर्यंत सगळीकडे बोंब होती. आम्ही रात्रपाळ्या केल्या, फी भरली. २०२४ च्या एप्रिलअखेर ती सवलत संपली, पुढं मर्यादा २४ तासांवर आली. तोवर त्याच कॉफीशॉपबाहेर एका जागेसाठी रांगा लागायला लागल्या होत्या. माझ्यामागून आलेल्या चुलतभावाला पहिले चार महिने काहीच मिळालं नाही. टंचाईच्या बातमीवर कर्ज काढून येऊ नका. येईपर्यंत ती संपलेली असते.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

मी इथं जर्मनीत हॉटेल व्यवसायाचं तीन वर्षांचं शिक्षण घेतेय, कामही करते आणि व्यावसायिक शाळेतही जाते. पगार थोडा पण सुरुवातीपासून. आमच्या हॉटेलचं रेस्टॉरंट सोमवार-मंगळवार बंद असतं. गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, स्वयंपाकी नाही म्हणून. मेनू एका पानावर आला.

दोनचाकी, ब्रेक ड्युटी इथंही आहे बरं! पण रात्री काम संपलं की दुसऱ्या दिवशीच्या कामापर्यंत साधारण अकरा तासांची विश्रांती कायद्यानं द्यावी लागते. उशीर झाला की शेफ स्वतः सकाळची पाळी बदलतो. किमान वेतन २०२५ ला ताशी १२.८२ युरो होतं. तरी इथली जर्मन मुलं शनिवारी रात्री काम नको म्हणतात. आमचा मालक 'हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत' म्हणतो तेव्हा मला थेट आमच्या गल्लीतल्या खानावळवाल्या काकांची आठवण येते.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रानं ह्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेंबर्गशी, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला. तेव्हापासून मला गावाकडून फोन येतात. मी एकच विचारते, भाषा किती झाली? स्वयंपाकघरात गरम तेल घेऊन मागून येणारा माणूस काय ओरडला ते कळायला हवं.

ठाकुर्ली

वडील अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची शुश्रूषा करायला ब्यूरोकडून बाई घेतो, बारा तासांच्या दोन पाळ्या. आम्ही रोजचे हजार देतो, बाईच्या हातात सातशे पडतात. एक मावशी चांगली रुळली, वडील तिच्याच हातून खायचे. ब्यूरोनं तिला दुसरीकडे हलवलं, तिथं दर जास्त मिळाला म्हणून. तिची मुलगी वीस वर्षांची, हेच काम शिकलीय, पण 'आईसारखी कुणाच्या घरी रात्र काढणार नाही' म्हणून मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागली. पगार आईपेक्षा कमी. मला तिचं चूक वाटत नाही. अडचण माझी आहे, आणि ती रोज सकाळी आठला सुरू होते.

रवा डोसा (पुणे)

सगळं वाचलं. पोटमाळा आमच्याकडेही होता, मागच्या वर्षी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. टिपेचा डबा वेटरच मोजतात. ब्रेक ड्युटी काढायची तर एक पाळी वाढते, म्हणजे चार माणसं जास्त, आणि मसाला डोसा वीस रुपयांनी महाग. तेव्हा हेच वाचक 'काय लूट आहे' लिहितील. सध्या सोमवार बंद ठेवून बघतोय. दोनचाकी, तवा शिकायचा असेल तर ये. पगार शिकताना पंधरा, हात बसला की वाढेल.

दोनचाकी

पंधरात गाडीचा हप्ता भागत नाही काका. अठरा, आठवड्याची सुट्टी ठरलेली, पगार सात तारखेच्या आत. आणि शिकल्यावर किती वाढणार ते आधी लिहून द्या, मग सोमवार सोडून कधीही येऊन जातो.