खान्देशातला ‘भो’: संस्कृत संबोधन की ‘भाऊ’चे लघुरूप?

जळगाव-धुळ्याकडच्या बोलण्यात पदोपदी ऐकू येणारा ‘भो’ हा संस्कृतातील ‘भोः’ या संबोधनाचा थेट वारस आहे, असे मत अनेकदा मांडले जाते. आपल्या बोलीतला रोजचा शब्द थेट संस्कृतापर्यंत पोहोचतो, हे ऐकायला सुखावह वाटते; तरीही वापराचे पुरावे तपासले असता हे मत टिकत नाही, असे मला वाटते.

संस्कृतातील ‘भोः’ बहुधा नामाच्या आधी येतो, जसे ‘भो राजन्’. खान्देशात मात्र ‘भो’ नावानंतर लागतो: संजूभो, रमेशभो, नानाभो. नावाच्या शेवटी नात्याचा किंवा आदराचा शब्द जोडण्याची ही रीत ‘रामभाऊ’, ‘बाळासाहेब’ यांसारख्या मराठी नावांना जवळची आहे, आणि नंदुरबार-नवापूरच्या सीमेपलीकडे गुजरातीत नावाला लागणाऱ्या ‘भाई’लाही. ध्वनीची वाटही सरळ आहे. भरभर बोलताना ‘जाऊ दे’चे ‘जौ दे’ होते, त्याच न्यायाने ‘भाऊ’चे ‘भौ’ आणि पुढे ‘भो’ झाले असावे. यातला मधला टप्पा कल्पनेतला नाही. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरकडे, म्हणजे वऱ्हाडात शिरले की ‘का भौ’ असे तो आजही ऐकू येतो.

खरी गंमत यापुढे आहे. नावाला जोडलेला ‘भो’ आणि सुटा ‘भो’ व्याकरणाच्या दृष्टीने आता एक राहिलेले नाहीत. पहिला विभक्ती घेतो: अहिराणीत ‘संजूभोले सांग’, ‘संजूभोनी गाडी’. दुसरा कोणताही प्रत्यय घेत नाही. ‘भाऊ’चे अनेकवचनी संबोधन ‘भावांनो’ होते, परंतु समोर दहा जण असले तरी कोणी ‘भोंनो’ म्हणत नाही. ‘कथा जाई ऱ्हायना भो?’ (कुठे चाललास?) या प्रश्नात समोरचा माणूस निदान अभिप्रेत असतो. ‘नाही भो, आज जमणार नाही’ या वाक्यात मात्र हाक मारण्याचे कामही उरत नाही, तिथे तो केवळ नकार मऊ करतो. पुण्याकडच्या ‘काय राव’मधल्या ‘राव’चीही हीच गत झालेली आहे, कारण तिथेही आदराची पदवी झिजून बोलण्यातला जिव्हाळा तेवढा शिल्लक राहिला. बोलीतल्या सलगीच्या शब्दांना ‘टपोरी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ही घडण एकदा नीट पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एखाद्या नामाचे अव्यय होणे ही भाषेतली मोठी घटना असते आणि ती आपल्या चौकाचौकांत, चहाच्या टपरीवर, उघड्यावर घडते आहे.

धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव या अहिराणीच्या पट्ट्यात आणि यावल, रावेर, भुसावळकडच्या लेवा बोलीच्या पट्ट्यात क्रियापदे व प्रत्यय वेगळे असले, तरी ‘भो’ दोन्हीकडे चालतो. कदाचित म्हणूनच दोन्हीकडची मुले जळगावात शिकायला एकत्र आली की प्रमाण मराठी बोलतानाही ‘काय चाललंय भो’ म्हणतात, आणि इतर बोलीशब्द शहरात मागे पडले तरी हा टिकून राहतो. मर्यादाही सर्वांना न सांगता ठाऊक असते: सुटा ‘भो’ बरोबरीच्या माणसासाठी आहे, वडीलधाऱ्यांना आप्पा, तात्या, आबा असेच म्हटले जाते. बाईला हाक मारताना त्याची जागा ‘व’ घेतो, जसे ‘माय व’. संस्कृत ‘भोः’ला स्त्रीपुरुष असा भेद नव्हता, इथे तो भेद स्पष्ट पाळला जातो, आणि ‘भाऊ’ या मुळाच्या बाजूने मला हा पुरावा सर्वांत वजनदार वाटतो.

लिहिताना नावासोबतचा ‘भो’ जोडून आणि सुटा ‘भो’ तोडून लिहावा, असे मी सुचवेन. ‘रमेशभो आला’ आणि ‘रमेश आला भो’ यांतला फरक कागदावरही दिसला पाहिजे.