ड्युरंड कप फायनलचं तिकीट: कोलकात्याला जाऊन आलेलं कोणी आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे चौघं, सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फुटबॉल खेळणारे. यंदा ड्युरंडची फायनल सॉल्ट लेक स्टेडियमला झाली तर जायचंच, असं ठरवलंय. 1888 सालची फुटबॉल स्पर्धा, आशियातली सगळ्यात जुनी, आणि आपण ती अजून मोबाईलवरच बघतोय!

प्रवासाची काळजी नाही. नाशिकरोडहून हावडा मेल, पुढे हावड्याहून मेट्रो थेट स्टेडियमपर्यंत. अडलंय ते तिकिटावर. गेल्या वेळी एका टेलिग्राम ग्रुपवरच्या माणसाने 'अर्धे आधी पाठवा' म्हणून चार हजार घेतले, वर क्यूआर कोडचा फोटोही पाठवला. झूम करून बघितला तर चारही तिकिटांवर सीट नंबर एकच. फोन केला, तर ब्लॉक! (बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

तर विचारायचं असं की, ऑनलाइन काढलेलं तिकीट मोबाईलवर दाखवून चालतं, की काउंटरवरून कागदी घ्यावं लागतं? घ्यावं लागत असेल तर आदल्या दिवशीच पोचावं लागेल, म्हणजे रजा वाढली. आणि मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल हे कोलकात्याचेच क्लब फायनलला आले तर आमच्यासारख्या तटस्थ लोकांनी कुठल्या गॅलरीत बसावं? 2024 च्या फायनलला नॉर्थईस्ट युनायटेड संघाने मोहन बागानला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा तिथे असलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. रेल्वेचं बुकिंग आधी करून ठेवायचंय.