एस्टीम एमपीएफआय : स्क्रू फिरवल्यापासून रेस वर-खाली

रामबागकर_इंदूर
2002 ची मारुती एस्टीम, एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारी. आधी त्रास एवढाच होता की पलासिया चौराह्यावर सिग्नलला एसी लावला की रेस (इंजिनचे मिनिटाला फेरे) 500 वर येऊन गाडी बंद पडायची. गॅरेजमध्ये थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्क्रू आत फिरवून दिला. आता बंद पडत नाही, पण इंजिन कोमट झालं की रेस सारखी 1200 ते 2000 झोके घेते. चेक इंजिनचा दिवा नाही. आयडल व्हॉल्व (पाय काढल्यावरची रेस सांभाळणारा) नवा टाकू का?

थ्रॉटलवाला
नका टाकू. तो स्क्रू रेस वाढवायला नसतोच. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची चकती, बोअरमध्ये (हवेच्या गोल वाटेत) अडकू नये म्हणून असतो. आत फिरवल्यावर हवा जास्त जाते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आयडल व्हॉल्व पूर्ण बंद करतो, तरी रेस चढलेलीच. पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि रेस जास्त, म्हणजे गाडी उतारावर आहे असं समजून तो पेट्रोल तोडतो. रेस पडली की परत देतो. झोके ते हेच.

स्क्रूवर कंपनीच्या रंगाची खूण असेल तर तिथे आणा. नसेल तर पूर्ण मोकळा करा, लिव्हरला जेमतेम टेकवा आणि वर पाव फेरा. मग थ्रॉटल सेन्सरचे व्होल्ट बघा: थ्रॉटल बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, हळू दाबताना मधे उडी नको.

मूळ आजार बहुतेक कार्बनचा आहे. बटरफ्लायची कड जिथे टेकते तिथे काळी रिंग दिसेल. थ्रॉटल बॉडी उतरवा, क्लीनर आणि जुना टूथब्रश वापरा, सेन्सरमध्ये फवारा जाऊ देऊ नका. आयडल व्हॉल्व वेगळा काढून त्याची वाटही साफ करा. चार किंवा सहा पिनांचा असेल तर तो स्टेपर (छोट्या मोटरने टप्प्याटप्प्याने सरकणारा) आहे, त्याची सुई हाताने दाबायची नाही. गॅस्केट नवंच. बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा, मग ॲक्सिलरेटरला हात न लावता फॅन सुरू होईपर्यंत चालू द्या.

रामबागकर_इंदूर
सगळं केलं. झोके थांबले, एसीवर बंदही पडत नाही. पण गरम इंजिनची रेस 1300 च्या खाली येत नाही.

जुना_मिस्त्री
म्हणजे हवा दुसरीकडून शिरतेय. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) गाडीत गळतीने मिश्रण पातळ होत नाही. ईसीयू त्या हवेलाही पेट्रोल देतो, म्हणून रेस वाढते. चालू इंजिनवर थ्रॉटल बॉडीतलं व्हॉल्वचं भोक बोटाने बंद करा. तरी रेस पडली नाही, तर मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाच्या) नळ्या एकेक करून पक्कडीत कापड धरून चिमटा. जी चिमटल्यावर रेस खाली येते, ती चोर. व्हॅक्यूम गेज लावलंत तर आपल्या इंदूरच्या साडेपाचशे मीटर उंचीवर समुद्रकाठापेक्षा दोनेक इंच (पाऱ्याचे) कमी दिसणार. 16-17 वर काटा स्थिर असेल तर घाबरू नका.

कूलंटही बघा. सेन्सरपाशी हवेचा बुडबुडा अडकला तर ईसीयू इंजिन गारच समजतो आणि रेस चढती ठेवतो.

रामबागकर_इंदूर
ब्रेक बूस्टरची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) नळी चिमटली आणि रेस थेट 850. क्लिपखाली चीर आहे, वरून दिसत नव्हती.

जुना_मिस्त्री
पाण्याची साधी नळी टाकू नका, ती चपटी होते. बूस्टरचीच जाड भिंतीची घ्या. आतल्या वन-वे व्हॉल्वची दिशा सांभाळा: बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी, उलट नाही. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच धरा आणि स्टार्ट करा. पेडल जरा खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी बाहेर काढू नका.