मदत हवी आहे: बायबलची निर्दोषता निसर्गविषयक विधानांनाही लागू होते का?

बायबल ईश्वरप्रेरित असल्याने त्यातील निसर्गविषयक विधानेही निर्दोष, म्हणजे चुकांपासून मुक्त, मानावीत का, याबाबत कॅथलिक चर्चची नेमकी भूमिका मला समजून घ्यायची आहे. यहोशवाच्या दहाव्या अध्यायातील सूर्य थांबल्याचे वर्णन आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते या सूर्यकेंद्री मताविरुद्धचा चर्चचा १६१६ चा निर्णय मला ठाऊक आहे. त्यामुळे गॅलिलिओची कथा पुन्हा सांगू नये.

पोप लिओ तेरावे यांनी १८९३ च्या परिपत्रकात पवित्र लेखकांचा हेतू सृष्टीची अंतर्रचना शिकवण्याचा नव्हता असे म्हटले, परंतु ईश्वरी प्रेरणा केवळ श्रद्धा व नीतीपुरती मर्यादित मानण्यास ठाम नकारही दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘देई वेर्बुम’ या ईश्वरी प्रकटीकरणावरील दस्तऐवजाच्या अकराव्या परिच्छेदात मात्र ‘आपल्या तारणासाठी’ (पापातून मुक्तीसाठी) ईश्वराने नोंदवू इच्छिलेल्या सत्याचा उल्लेख येतो, आणि गंमत म्हणजे तेथील तळटीप लिओंच्याच परिपत्रकाचा हवाला देते. दोन्ही मजकूर इंग्रजीतून वाचले, पण भाष्यकारांत एकमत आढळले नाही. बायबलच्या निर्दोषतेवरील १९७८ चे शिकागो निवेदन इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) परंपरेचे असल्याने येथे उपयोगी नाही, आणि श्रद्धा खरी की खोटी हा वादही नको.

तारणाचा तो उल्लेख निर्दोषतेची व्याप्ती ठरवतो की केवळ तिचे प्रयोजन सांगतो, आणि १९६५ नंतर चर्चने याचा अधिकृत खुलासा कोठे केला आहे?