दोन सायकली आणि आमची चिमुकली गाडी

बी-४०३: सगळ्यांना एक विचारायचं होतं, आमची गाडी तुम्हाला माहितीये, पिलरच्या मागे लपते ती 😀 शनिवारी जायचंय आणि दोन सायकली न्यायच्यात, एक ह्यांची २९ इंची आणि एक लेकीची २६ इंची. मागे लावायचं कॅरिअर घेऊ का टपावरचं? कोणी वापरलंय का

बी-२०१: टपावर टाका दोरीने बांधून. आम्ही कपाट नेलंय तसं

सी-६०२: काका कपाट एकदाच न्यायचं असतं 😀 ताई घाई करू नका, आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि त्यात रूफ लोड, म्हणजे टपावर चालणारं वजन, किती लिहिलंय ते बघा. छोट्या गाड्यांना बऱ्याचदा ५० किलोच्या आसपास असतं, काहींना त्याहून कमी आणि काहींना टपावर काही ठेवूच नका असं सरळ लिहिलेलं असतं. आणि त्या आकड्यात कॅरिअरचं वजनपण धरायचं बरं का, लोक तेच विसरतात. आडव्या दांड्या ५ किलो, प्रत्येक सायकलचं कॅरिअर ३-४ किलो, सायकली १४-१५ किलोच्या दोन, म्हणजे ४० च्या वर गेलातच. इलेक्ट्रिक सायकली असत्या तर विषयच संपला, एकेक २०-२५ किलोची असते

बी-४०३: मॅन्युअल कुठंय देवाला माहीत. बघते

सेक्रेटरी: टपावर सायकली लावून कृपया बेसमेंटमध्ये येऊ नये. दारावरचा पाइप कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-६०२: हे सेक्रेटरींनी बरोबर आठवण केली. गाडी दीड मीटर उंच, वर कॅरिअर, वर सायकल उभी, म्हणजे सव्वादोन अडीच मीटरच्या पुढे जातं सगळं. माझ्या एका मित्राने दिवसभर मस्त सायकल चालवली, दमून घरी आला, डोक्यात फक्त आंघोळ, आणि सवयीने गाडी सरळ बेसमेंटमध्ये घातली. सायकलचं हँडल गेलं, कॅरिअर गेलं आणि टप असा चेपला की आतून हात लावला तरी कळायचं. चूक कोणाचीच नाही, वर काय आहे ते चालवणाऱ्याला दिसतच नाही

ए-१०४: मग मागे डिकीला पट्ट्यांनी लटकवायचं स्टँड मिळतं की, तेच बरं. स्वस्तपण असतं

सी-६०२: ते मोठ्या गाडीला ठीक. छोट्या गाडीचा घोळ सांगतो. एक म्हणजे त्याचे हुक डिकीच्या पत्र्याच्या कडेला अडकतात, आणि अगदी छोट्या गाड्यांपैकी काहींची डिकी म्हणजे नुसती काच असते, पत्रा नाहीच, उदाहरणार्थ जुन्या टोयोटा आयगोची. तिथे हुक काचेवर लावणार का. वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर पट्टा त्याच्यावरून जातो आणि तो दाबाने तडकतो. दुसरं म्हणजे सायकल पावणेदोन मीटर लांब आणि तुमची गाडी दीड मीटर रुंद, म्हणजे दोन्हीकडून चाकं अर्धी वीत तरी बाहेर. आरशात ती जाणवत नाहीत आणि शेजारून जाणाऱ्या बाइकवाल्याला थेट गुडघ्यात लागतात. शिवाय नंबरप्लेट आणि मागचे लाइट झाकले जातात, म्हणजे मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही आणि पोलिसाला नंबर

ए-१०४: तुम्ही तर घाबरवूनच टाकलंत

सी-६०२: अजून एक राहिलं, सायलेन्सर. खालचं चाक जर सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं तर लांबच्या प्रवासात टायर वितळतो. हे ऐकीव नाही, मी स्वतः जळक्या टायरचा वास घेतलाय

बी-२०१: म्हणजे छोट्या गाडीवाल्याने सायकल घेऊच नये असं म्हणायचंय का तुम्हाला

सी-३०५: असं काही नाही हो काका. स्मार्ट फॉरटू म्हणून दोन सीटांची गाडी येते ना, १९९८ ची पहिली तर जेमतेम अडीच मीटर लांब होती, तिला कंपनीचंच मागचं सायकल कॅरिअर मिळायचं. पण ते त्याच गाडीच्या मापाचं केलेलं, बाजारातलं कुठलंही आणून लटकवलेलं नाही

बी-२०१: मग तेच मागवा

सी-३०५: काका ते त्या गाडीचं. आमच्याकडे तर घडीच्या सायकली आहेत त्यामुळे हा प्रश्नच नाही. ब्रॉम्प्टन घडी केली की साधारण ६५ सेंटिमीटर लांब आणि जाडीला वीतभरापेक्षा थोडी जास्त होते, दोन डिकीत उभ्या राहतात आणि वर पिशवी. चालवायला मोठ्या चाकासारखी मजा नाही हे कबूल, खड्डा आला की मणका सांगतो

बी-४०३: वहिनी आता शनिवारसाठी नवीन सायकल घेऊ का 😀

सी-६०२: ताई मला आधी एक सांगा, गाडीत माणसं किती? तिघं असाल तर अवघड आहे कारण तुमच्या गाडीची मागची सीट अख्खी एकच पडते, अर्धी पाडता येत नाही. तेव्हा सायकली आत म्हणजे मागे माणूस नाही

बी-४०३: अहो हे तिकडे कामानिमित्त कालच गेलेत, मी आणि लेक दोघीच आहोत

सी-६०२: हे आधी सांगायला काय झालं!! मग कॅरिअर-बिरिअर काही नको. दोन्ही सायकली आत बसतात, माझ्याकडेपण असलीच गाडी होती, मी सहा वर्षं नेल्यात. फक्त चाकं काढायची, नुसतं पुढचं नाही, दोन्ही. दोन्ही चाकं काढलेली फ्रेम सव्वा मीटरच्या आत येते आणि तेवढी जागा सीट पाडल्यावर मिळते

बी-४०३: मागचं चाक काढायची मला भीती वाटते, ती चेन वगैरे

सी-६०२: आधी चेन सगळ्यात छोट्या दातऱ्यावर आणा, मग चाक आपोआप सुटतं. खरी काळजी वेगळीच. ह्यांच्या सायकलला ऑइलवाले डिस्क ब्रेक आहेत ना? चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर कोणी दाबला तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही, रस्त्यात बसून पॅड उचकटत बसावं लागतं. म्हणून पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा, लेकीला सांगा लिव्हरला हात लावायचा नाही. पहिली फ्रेम खाली, चेनची बाजू वर, वर जुनी गोधडी, त्यावर दुसरी. खालची चेनच्या बाजूवर आडवी टाकली की गिअर हलवणारा तो हात वाकतो आणि मग दिवसभर कटकट कटकट. चाकं शेवटी, पुढच्या सीटांच्या पाठीला टेकवून उभी, डिस्क कशावर घासणार नाही अशी. तेलकट बोट डिस्कला लावू नका, ब्रेक किंचाळतो

ए-१०४: आणि पायडल?

सी-६०२: पायडल अडत असतील तरच काढा. १५ चा पान्हा लागतो आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, दर वेळी कोणीतरी पूर्ण ताकद लावून ते आणखी घट्ट करून ठेवतं. सायकलची सीट मात्र खाली घ्या, त्याआधी दांडीला चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर उंची जुळवण्यात अर्धी सकाळ जाते

बी-२०१: मोकळं सामान गाडीत बरं नव्हे. करकचून ब्रेक मारला की मानेवर

सी-६०२: काका एकदम बरोबर बोललात. सीट बेल्टच्या मागच्या पट्ट्यातून फ्रेम ओवून घ्या किंवा साधा नाडा घेऊन खालच्या हुकांना बांधा. आणि मागच्या काचेतून दिसेल इतकंच रचा, निदान वरून थोडं तरी

सेक्रेटरी: ट्रायल घ्यायची असल्यास आज संध्याकाळी व्हिजिटर पार्किंग मोकळे आहे. ऑइल सांडू नये.

(संध्याकाळी ७ नंतर)

बी-४०३: झालं!!! पहिल्यांदा ४० मिनिटं लागली, डिकी बंदच होईना, मग दादांनी हँडल फिरवून फ्रेमला समांतर केलं आणि खटकन लागली. काढून परत रचलं तर १५ मिनिटांत. लेकीचं चाक तिने स्वतः काढलं. काकांनी नाडा दिला

बी-२०१: नाडा परत पाहिजे

सी-६०२: ठेवा त्यांच्याकडे काका हाहा. ताई एक पंप आणि ओलं फडकं पुढे पायाशी ठेवा, मागे गेलं की मिळणार नाही

(शनिवार, सकाळी ९:४०)

बी-४०३: पोचलो. सगळं व्यवस्थित, काहीच वाजलं नाही रस्त्यात. पण दादा, लेकीच्या पुढच्या चाकाच्या त्या दांडीवर दोन बारीक स्प्रिंगा असतात ना, एकच आहे. चालेल का?

सी-६०२: चालेल. ती फक्त दांडी मधोमध राहावी म्हणून असते, चाक धरून ठेवण्याशी काही संबंध नाही. नट नीट आवळा, त्या दांडीचा लिव्हर बंद करताना तळहातावर ठसा उठला पाहिजे इतका घट्ट. मग चाक उचलून जोरात थापटून बघा. आणि उरलेली स्प्रिंग लावाल तेव्हा बारीक तोंड आत, चाकाकडे

ए-१०४: शंकूसारखी छोटीशी स्प्रिंग का? आमचा धाकटा काल संध्याकाळपासून बोटात घालून फिरतोय, म्हणतोय अंगठी आहे, काढू देत नाहीये