केळीच्या खोडातलं सेल्युलोज वापरलं, पण गोळी फुटतच नाही
रावेरकर_फार्म: एम.फार्मचा प्रोजेक्ट चालू आहे, गोळी पोटात लवकर फुटावी म्हणून जे क्रॉसकारमेलोज टाकतात ते केळीच्या खोडापासून करायचंय. घड कापल्यावर खोड बांधावर फेकतात ना, आमच्याच मळ्यातलं ते आणून सेल्युलोज काढलं, कॉस्टिक सोड्यात भिजवलं, मोनोक्लोरोअॅसिटिक अॅसिड टाकून सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) केलं आणि लगेच न्यूट्रल करून मेथॅनॉलने धुतलं. पावडर मस्त पांढरी आली. पण पॅरासिटामॉलच्या गोळीत ३ टक्के टाकून डीटी मशीनला (गोळी किती वेळात फुटते ते बघायचं) ३७ डिग्रीवर लावली तर २० मिनिटं झाली तरी सहाच्या सहा गोळ्या तशाच. बाहेरून बुळबुळीत, ब्लेडने कापली तर आत कोरडीठाक. खोडच खराब आहे का?

जळगाव_टॅब्लेट: नाही भो, खोडाला बोल लावू नको. साधं सीएमसी पाण्यात विरघळतं, त्याचा चिकट थर गोळीवर बसतो अन् पाणी आत शिरतच नाही, म्हणजे तू बाइंडर, गोळी बांधून ठेवणारा पदार्थ बनवलाय. क्रॉसकारमेलोजमध्ये साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून ते फुगतं पण विरघळत नाही, शिवाय वातीसारखं पाणी आत ओढतं. तुझी गडबड झाली ती धुण्याच्या घाईत. मोनोक्लोरोअॅसिटिक जास्तीचं घ्यायचं असतं, कॉस्टिक संपलं की उरलेल्याचं हळूहळू ग्लायकोलिक अॅसिड होतं आणि त्याच्यामुळेच क्रॉसलिंकिंग, म्हणजे साखळ्यांची ती बांधणी होते. तू तेच धुऊन टाकलं. आधी ते होऊ दे, मीठ अन् ग्लायकोलेट नंतर पाणी-अल्कोहोलने काढ. चिमूटभर पावडर पाण्यात टाकून बघ, फुगून तळाशी बसली पाहिजे, पाणीच घट्ट झालं तर माल अजून कच्चा.

धरणगावची_ताई: वरचं बरोबर आहे, फक्त एक बॅच कापसाच्या लिंटरची पण कर. जिनिंगनंतर सरकीवर जे बारीक तंतू राहतात ते, त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) जवळजवळ नसतंच, खोडात असतं, मग फरक केळीमुळे पडला की तुझ्या रिअॅक्शनमुळे ते कळेल. आणि फुगणं ०.१ नॉर्मल एचसीएलमध्येही (पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड) बघ रे, अॅसिडमध्ये ते कमी होतं आणि गोळी तर पोटातच जाणार आहे. मोनोक्लोरोअॅसिटिकला हातमोजे घालतोस ना? ते कातडीतून अंगात जातं, जिवावर बेतू शकतं.

रावेरकर_फार्म: आत्ताच पाण्यात टाकून पाहिली, पाच मिनिटांत लापशी झाली. म्हणजे कच्चंच आहे. हातमोजे पातळवाले होते, उद्या जाड आणतो. ताई, लिंटर किलोभर मिळेल का कुठे?

धरणगावची_ताई: सरकीच्या तेल मिलमध्ये विचार, किलोभराला कोणी नाही म्हणणार नाही. घरी आणल्यावर आधी कचरा वेचून काढ, सरकीची टरफलं फार असतात त्यात.